पक्षिनिरीक्षणाचा छंद आणि त्याच्या नाना तऱ्हा

पक्ष्यांकडे पाहत बसणें हाहि एक छंद आहे असें म्हटलें, कीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाळावर आंठी उमटेल. ज्यास रात्रीच्या विजेवर पाणी धरावयाचें आहे, हुरड्यांत आलेली ज्वारी राखावयाची आहे आणि बाजारभावाची काळजी वाहावयाची आहे, त्याला पांखरूं हा गोफणीचा विषय आहे, दुर्बिणीचा नव्हे. छंद शहरांतील रिकाम्या लोकांनीं करावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वीं खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पक्षिनिरीक्षणाच्या बाबतींत तो उलटा लागू पडतो. शहरांतील मनुष्यास जें पाहण्यासाठीं पन्नास कोस प्रवास करावा लागतो, तें शेतकऱ्याच्या बांधावर रोज फुकट चाललेलें असतें.

शिवाय शेतकरी हा जन्मतःच थोडाबहुत पक्षिनिरीक्षक असतो. मृगापूर्वीं पावशा ओरडूं लागला कीं तो ‘पेरते व्हा’ म्हणून सांगतो, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. दसऱ्याच्या दिवशीं चाष दिसावा, परगांवीं निघतांना भारद्वाजाचें दर्शन व्हावें, अशी वाट पाहणारीं माणसें अजून आहेत. टिटवीनें अंडीं उंचवट्यावर घातलीं तर पाऊस मोठा, सखलांत घातलीं तर बेताचा, हा आडाखा तर गांवोगांव ऐकूं येतो. तो किती वर्षीं खरा ठरला व किती वर्षीं चुकला, हें सांगावयाचें तर नोंद पाहिजे. आणि नोंद कोणी ठेवीत नाहीं. पाहणें व निरीक्षण करणें यांत जें अंतर आहे तें इतकेंच. आम्हीं महसूल खात्याच्या कारकुनींत हयात घालविली असल्यामुळें नोंदीविषयींचा पक्षपात आमच्या अंगीं असणारच, हें वाचकांनीं गृहीत धरून पुढें वाचावें.

या शास्त्राचा आपल्या देशांतील आरंभ बंदुकीनें झाला. त्या कामीं ज्यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम योगायोगानें आमच्याच खात्याचे फार वरचे अधिकारी होते. १८८५ सालीं काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे गृहस्थ म्हणून त्यांस सर्व ओळखतात. परंतु त्यापूर्वीं १८७१ पासून १८७९ पर्यंत ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव होते, आणि पक्षी हें त्यांचें वेड होतें. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो मारावयाचा, त्याचें कातडें काढून भरावयाचें आणि पायाला चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावयाचें, अशी रीत होती. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून ह्यूमसाहेबांनीं कातडीं व अंडीं मागविलीं आणि १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें नियतकालिक चालविलें. हिंदुस्थानच्या सर्व पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. पण १८८४ सालीं, ते सिमल्यास नसतांना, त्यांच्या घरच्या नोकरानें त्या ग्रंथाचीं हस्तलिखितें बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकलीं! साहेबांनीं पुढें हा नाद सोडला, आणि ८० हजारांहून अधिक कातडीं व अंडीं १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमास देऊन टाकलीं. रद्दींत गेलेल्या दप्तराचें दुःख कारकुनाइतकें दुसऱ्या कोणास कळणार?

१८८३ सालीं मुंबईस आठ गृहस्थांनीं मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. त्यांतलेच एक एडवर्ड एटकेन. यांचा जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात व मीठ खात्यांतली. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवर त्यांनीं १९०० सालीं एक गमतीदार पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यांतला भर कातड्यांवर नसून ओसरीवरून दिसणाऱ्या पक्ष्यांच्या स्वभावावर आहे. तिकडे इंग्लंडांत एडमंड सेलूस यांनीं शिकार सोडून नुसतें पाहण्याचा पुरस्कार केला, आणि १९०१ सालीं पक्षिनिरीक्षण हेंच नांव देऊन पुस्तक लिहिलें. चांगली दुर्बीण सामान्य माणसाच्या हातीं येऊं लागल्यावर मारल्यावांचून ओळखणें शक्य झालें, आणि मग हा छंद साहेबांपुरता राहिला नाहीं.

आतां त्याच्या तऱ्हा. एकाच तमाशास दहा माणसें गेलीं तर कोणी वगासाठीं जातो, कोणी लावणीसाठीं. तसाच प्रकार येथें आहे. आमच्या मतें या सर्वांत श्रेष्ठ तऱ्हा म्हणजे एका जागीं बसून एकाच जातीचा सारा संसार पाहणें. तिचें उत्तम उदाहरण अलिबागेजवळच्या किहीम गांवीं घडलें. डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) हे १९३० सालीं जर्मनींतून शिकून परत आले तेव्हां मुंबईच्या संग्रहालयांतली त्यांची जागा पैशाअभावीं बंद झालेली होती. बेकारींत ते किहीमला पत्नीच्या कुटुंबाच्या घरीं राहावयास गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनीं आडोसा करून पावसाळ्याचे दिवस तिच्यासमोर बसून काढले, आणि जें पाहिलें तें लिहिलें.

विहिरीवर वांकलेल्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे पाहिले नाहींत असा शेतकरी विरळा. पण त्या खोप्याची हकीकत किती जणांस ठाऊक असेल? पहिली गोष्ट ही कीं, खोपा विणणारी ‘सुगरण’ नसून तो नर आहे. पावसाळ्याच्या तोंडीं त्याच्या डोक्यावर व छातीवर पिवळा रंग चढतो. मग तो भाताच्या, गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याला चोंचीनें खांच पाडून लांब धांदोटी ओढतो आणि फांदीस गांठ मारून विणूं लागतो. खोपा शिरस्त्राणासारखा अर्धा झाला कीं काम थांबतें. वसाहतींतले सारे नर आपापल्या अर्ध्या खोप्यास लटकून पंख फडफडवितात व गलका करितात. कारण माद्या घर पाहावयास आलेल्या असतात. मादी आंत शिरते, विणकर ओढून ताणून पाहते, आणि पसंत न पडल्यास दुसऱ्या दारीं जाते. पसंत पडल्यास मात्र तीच तेथें ठाण मांडते, व मग नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी करितो. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच वाऱ्यावर लोंबत राहतात. आपण त्यांस नराचा झोपाळा म्हणतों; वास्तविक ते मोडलेल्या सोयरिकीचे अवशेष होत. पुढें मादी अंड्यांवर बसली कीं हा गृहस्थ त्याच झाडावर दुसरा खोपा आरंभितो, दुसरी मादी मिळवितो, आणि हंगाम साधल्यास तिसरीहि. आंतल्या भिंतीस तो ओल्या मातीचे गोळे लावतो, त्यावरून काजवे चिकटवून दिवा लावतो ही दंतकथा निघाली. इतकें सारें समजण्यास बंदूक लागली नाहीं, मोठी रक्कम लागली नाहीं. तीन-चार महिने धीर लागला. एका स्त्रीलिंगी नांवानें शेंकडों वर्षें आपली जी समजूत करून दिली होती ती एका माणसाच्या चिकाटीनें दुरुस्त झाली.

याच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला याद्या करणारे लोक आहेत. यांस पक्ष्याच्या संसाराशीं फारसें कर्तव्य नसतें. तो दिसला, ओळखला, यादींत चढला, कीं पुढचा. इंग्लंडांत तर एखादा वाट चुकलेला परदेशी पक्षी कोठें उतरला अशी बातमी लागतांच कामधंदा टाकून रातोरात तिकडे धांवणारी मंडळी आहे. आम्हांस ही तऱ्हा प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटते. पण अमेरिकेंतील फीबी स्नेटसिंगर या बाईंची हकीकत वाचल्यावर हंसूं मावळतें. १९८१ सालीं या चार मुलांच्या आईस डॉक्टरांनीं सांगितलें कीं, तुमचा कर्करोग बळावला आहे, वर्षभराच्या आंत सारें आटोपेल. बाईंनीं घरीं पडून राहण्याचें नाकारलें आणि जगांतले पक्षी पाहावयास निघाल्या. त्या पुढें अठरा वर्षें फिरल्या. ८,००० हून अधिक जाती पाहणारी पहिली व्यक्ति त्या ठरल्या, आणि १९९९ सालीं मादागास्करांत वाहनाच्या अपघातांत वारल्या, रोगानें नव्हे. अशा छंदास वेडेपणा म्हणावें कीं औषध, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

कानानें पाहणारे लोक हा तिसरा वर्ग. विलायतेंतील सेलबोर्न गांवचे पाद्री गिल्बर्ट व्हाईट यांनीं दिसावयास जवळजवळ एकसारख्या असलेल्या तीन बारीक पक्ष्यांच्या जाती निराळ्या आहेत हें मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखलें. त्यांचें पुस्तक १७८९ सालीं निघालें. पावशा सारा हंगाम ओरडतो पण किती जणांनीं तो डोळ्यांनीं पाहिला आहे? त्याचा वेश शिकऱ्यासारखा, आणि आपलीं अंडीं तो सातभाईंच्या घरट्यांत घालून मोकळा होतो. वेशीबाहेरच्या वडावर ठक् ठक् ठक् अशी घण मारल्यासारखी अखंड लय चालते तो तांबट. रानांत संध्याकाळीं ‘टिटीव टिटीव’ करून माणसाची चाहूल साऱ्या शिवारास देते ती टिटवी. ज्यांची दृष्टि गेली आहे अशा माणसांसहि हा छंद करितां येतो, हें या तऱ्हेचें मोठें भूषण. हल्लीं मोबाईलवर ‘मर्लिन’ नांवाची सोय निघाली आहे. ती आवाज ऐकून पक्ष्याचें नांव सुचविते. ती चुकतेहि, म्हणून तिनें सांगितलेलें नांव डोळ्यांनीं पडताळल्यावांचून वहींत चढवूं नये.

छायाचित्रें काढणाऱ्यांविषयीं आमचें मत थोडें कडवट आहे. चांगलें चित्र ही मोलाची वस्तु आहे, आणि वादग्रस्त पक्ष्याची ओळख पटविण्यास त्यासारखा पुरावा नाहीं. पण पिलें असलेल्या घरट्यावरची डहाळी छाटून उजेड करून घेणारे, नराच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका वाजवून त्यास वेड्यासारखा पुढें आणणारे, आणि दिवसां झोंपलेल्या घुबडास खडे मारून डोळे उघडावयास लावणारे लोकहि यांतच आहेत. डहाळी तोडली कीं ऊन, कावळा व घार या तिघांचीहि वाट मोकळी होते. आपल्या शेतांत असे पाहुणे आले तर शेतकऱ्यानें त्यांस चहा अवश्य पाजावा, पण घरटें दाखवूं नये. घरट्यांची नासाडी करणें, अंडीं उचलणें व रानपक्षी पकडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. ओसरीवर पिंजऱ्यांत टांगलेला आपला देशी पोपटहि त्याच कायद्याखालीं येतो, ही गोष्ट कित्येकांच्या गांवींहि नसते.

पक्ष्यांच्या पायांत वाळें घालणारे शास्त्रज्ञ हा छोटा पण उपयुक्त वर्ग. डेन्मार्कांतील मॉर्टेन्सन नांवाच्या शाळामास्तरांनीं १८९९ सालीं साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांस क्रमांक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं वाळीं घालून ही पद्धत सुरू केली. असें वाळें असलेला पक्षी दूर कोठें सांपडला कीं त्याचा प्रवास कळतो. हल्लीं पाठीवर बारीक यंत्र बसवून उपग्रहावरून माग काढितात. नागालँडांत दोयांग जलाशयाजवळ दर हिवाळ्याच्या आरंभीं अमूर ससाणे लाखांनीं उतरतात. २०१२ सालीं तेथें त्यांची जाळीं लावून प्रचंड हत्या चालल्याचें उघडकीस आलें. गांवकऱ्यांनीं पुढच्याच वर्षीं ती बंद केली, आणि २०१३ सालीं तीन पक्ष्यांस यंत्रें बसवून सोडलें. त्यांपैकीं एकास पांगती या तेथील गांवाचेंच नांव दिलें होतें. ते भारताचें पठार व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागांत गेले. काल मारून खाणारे लोक आज त्यांचे राखणदार झाले. म्हणून हें उदाहरण आम्हांस विशेष वाटतें.

आतां मोजणाऱ्यांकडे वळूं. कारण शेतकऱ्याचा संबंध सर्वांत अधिक येथें येतो. अमेरिकेंत नाताळांत पैज लावून पक्ष्यांची शिकार करण्याची चाल होती. फ्रँक चॅपमन यांनीं १९०० च्या नाताळाच्या दिवशीं सुचविलें कीं, मारण्याऐवजीं मोजा. त्या दिवशीं २७ माणसांनीं गणती केली, आणि ती तेव्हांपासून दरवर्षीं चालू आहे. २००२ सालीं तिकडे ‘ई-बर्ड’ नांवाची नोंदवही निघाली, जींत जगांतला कोणीहि मनुष्य मोबाईलवरून आपण पाहिलेले पक्षी चढवूं शकतो. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःचें पीक मोबाईलवर नोंदवितो, तसाच हा प्रकार समजावा. यांतला नियम मात्र आमच्या खात्यानें धडा घ्यावा इतका चोख आहे. नुसतें ‘अमुक पक्षी पाहिला’ एवढें लिहून भागत नाहीं. कोठें, किती वाजतां, किती मिनिटें पाहिलें, किती चाललों, आणि दिसले ते सर्व लिहिले कीं निवडक, हेंहि सांगावें लागतें. ‘सर्व लिहिले’ असें सांगितलें कीं जो लिहिला नाहीं तो दिसला नाहीं असा अर्थ आपोआप निघतो. आणि ‘दिसला नाहीं’ ही नोंद ‘दिसला’ या नोंदीइतकीच मोलाची आहे. ज्या गावच्या पीकपाणींत पडीक दाखवावयाची लाज वाटते, तेथील आंकड्यांचा उपयोग काय?

अशा हौशी लोकांच्या नोंदींवरूनच भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रथम २०२० सालीं व पुन्हां २०२३ सालीं निघाला. दुसऱ्या अहवालास ३० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी लागल्या, आणि त्यांत ९४२ जातींचा विचार झाला. त्यांतून निघालेल्या कांहीं गोष्टी आपल्या समजुतीस धक्का देणाऱ्या आहेत. चिमणी नाहींशी होत चालली असा बोभाटा आहे. पण २०२० च्या अहवालांत असें दिसलें कीं मोठ्या शहरांत ती घटली तरी एकंदर देशांत तिची संख्या बरीचशी स्थिर आहे. मोर वाढले, हें ज्याचें हरभऱ्याचें रान आहे त्यास सांगावयास नको. उलट दसऱ्यास ज्याचें दर्शन घ्यावयाचें तो चाष झपाट्यानें कमी होत आहे, आणि याचा गवगवा कोणीच केला नव्हता. मोकळ्या माळाचे पक्षी, शिकारी पक्षी आणि हिवाळ्यांत येणारीं बदकें व चिखलपक्षी यांची घट सर्वांत मोठी आहे.

माळाची गोष्ट निघाली म्हणून थोडें सविस्तर लिहितों. आमच्या दप्तरांत ज्या जमिनीस आकार बसत नाहीं ती पोटखराबा, आणि जी नांगराखालीं नाहीं ती पडीक. दप्तराची ही भाषा कराच्या दृष्टीनें बरोबर आहे. पण चंडोल, धाविक व माळढोक यांचें पीक त्याच जमिनींत येतें. माळढोक उघड्या माळावर जमिनीवरच बहुधा एकच अंडें घालतो. माळ नांगरला, त्यावर झाडें लावलीं किंवा विजेच्या तारा नेल्या, तरी तिन्ही प्रकारें त्याचें नुकसानच होतें. समोरचें त्यास नीट दिसत नसल्यामुळें उडतांना तो तारांवर आदळतो. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत नान्नजचें अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर धरलें गेलें, म्हणजे गांवेंच्या गांवें, बागायती व बाजारपेठा त्यांत आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि ज्या शेतकऱ्यानें हा पक्षी जन्मांत पाहिला नव्हता तोहि त्याच्यावर दांत खाऊं लागला. पुढें हें क्षेत्र कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आलें. परंतु मध्यंतरींच्या तीन दशकांत पक्षी व शेतकरी या दोघांचेंहि नुकसान झालें. पक्षी नेमका कोणत्या गटांत राहतो याची गांववार नोंद आधीं असती, तर एवढें मोठें रिंगण आंखावें लागलें नसतें असें आमचें स्पष्ट मत आहे. भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर निराळें चित्र दिसतें. हिवाळ्यांत रोहित पाहावयास लोक येतात, आणि कुंभारगांवची नावाडी मंडळी त्यांना पाण्यांत नेऊन चार पैसे मिळवितात. तेथें पक्ष्याचें शत्रुत्व करावें असें कोणास वाटत नाहीं.

नोंदीच्या अभावानें काय होतें त्याचें सर्वांत मोठें उदाहरण गिधाडांचें. पूर्वीं मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकलें कीं तासाभरांत आकाश गिधाडांनीं भरून जाई. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं. लाखों खेड्यांतील लोकांच्या डोळ्यांदेखत हें घडलें. पण तारीखवार मोजलेले आंकडे जेथें होते तेथूनच तें सिद्ध करितां आलें, आणि तें ठिकाण म्हणजे राजस्थानांतील भरतपूर. तेथें बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माणसांनीं पूर्वींच्या वर्षांच्या गणत्या करून ठेवल्या होत्या. कारण २००४ सालीं उलगडलें. गुरांना सूज व वेदना यांवर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत गेलें कीं त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. भारत सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बनविण्यास बंदी केली. माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातात असें दिसल्यावर २०१५ सालीं त्यांचें मापहि तीन मिलिलिटरवर आणलें. आणि २०२३ सालीं ॲसिक्लोफेनॅक व केटोप्रोफेन या तशाच दोन औषधांवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें गुणकारी व गिधाडास निर्धोक औषध उपलब्ध आहे. बैल लंगडूं लागला कीं आपल्या वाचकांनीं डॉक्टरांकडे नांव घेऊन तेंच मागावें.

राहतां राहिला प्रश्न पिकाचा. पांखरें धान्य खातात हें नाकारून कसें चालेल? भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला कीं कणसें बोडकीं होतात. पण याच भोरड्या उन्हाळ्यांत मध्य आशियांत परत जाऊन टोळांवर पिलें पोसतात, आणि चीनच्या शिन्च्यांग प्रांतांत त्यांनीं टोळ खावे म्हणून मुद्दाम दगडांचीं घरटीं बांधून देतात. त्याच चीन देशानें १९५८ सालीं धान्य खाते म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम काढली होती. थाळ्या वाजवून वाजवून त्यांना बसूं न देतां थकवून पाडलें. पुढें किडीचा कहर झाला, आणि १९६० सालीं शत्रूंच्या यादींतून चिमणीचें नांव काढून ढेंकणाचें घालावें लागलें. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, गायबगळा हे दिवसां व पिंगळा आणि गव्हाणी घुबड हे रात्रीं आपल्या शेतांत काय वेंचतात, तें पाहून लिहिणारा शेतकरी निघाला तर कोणत्याहि विद्यापीठास त्याची वही उपयोगी पडेल. हरभऱ्यांत व तुरींत घाटेअळीसाठीं पक्षीथांबे रोवतात. त्या काठ्यांवर कोणता पक्षी, किती वेळ व कोणत्या तासास बसतो, एवढें जरी टिपलें तरी काठ्या कोठें रोवाव्या हें कळेल.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं प्रथम दुर्बिणीवर पैसे खर्च करूं नयेत. दोन महिने नुसत्या डोळ्यांनीं पाहावें, व मग गोडी टिकली तर घ्यावी. दुर्बिणीवर ८×४० असे आंकडे असतात. पहिला किती पट मोठें दिसतें तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. आठ पटींहून मोठी हातांत थरथरते. पक्षी दिसतांच रंगाकडे धांवूं नये; उन्हांत रंग फसवितो. आधीं आकार ठरवावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा कीं घारीएवढा. मग चोंच जाड कीं बारीक, शेंपूट दुभंगलेलें कीं गोल, चालतो कीं उड्या मारतो, जमिनीवर आहे कीं तारेवर, हें पाहावें. धोबी शेंपटी सारखी वरखालीं हालवितो, कापशी एका जागीं हवेंत पंख मारीत थांबते. अशी चाल रंगापेक्षां लवकर ओळख देते. पुस्तकांत सालिम अलींचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक अजून उपयोगी आहे, आणि मराठी नांवांसाठीं मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा ‘पक्षिकोश’ पाहावा. हे वनाधिकारी रानांत राहणाऱ्या लोकांच्या तोंडचीं नांवें गोळा करीत फिरले. आपल्या गांवचें नांव निराळें असेल तर तें खोडूं नये; शेजारीं लिहावें.

वहींत सहा रकाने पुरेत: तारीख, वेळ, गट नंबर किंवा ठिकाण, पक्षी, संख्या, आणि तो काय करीत होता. दर फेब्रुवारींत चार दिवस जगभर पक्ष्यांची गणती होते. आपला देश तींत २०१३ पासून आहे. निदान पंधरा मिनिटें पाहावें एवढीच तिची अट आहे, आणि तेव्हां रब्बीची राखण चालूच असते. पावसाळ्याच्या तोंडीं चातकापासूनहि आरंभ करितां येईल. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आफ्रिकेंतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तो ज्या दिवशीं दिसेल ती तारीख व ठिकाण लिहावें. दक्षिणेकडे कांहीं चातक बारमाही राहतात, म्हणून ‘आज प्रथम दिसला’ असें लिहावें. ‘आज आला’ असें लिहूं नये.